वार कुठे आहे ते कागदावर हवं

पाचव्या महिन्याची सोनोग्राफी सासरी झालेली असते, गडहिंग्लजला नाहीतर इचलकरंजीला. सातव्यात ओटी भरून लेक माहेरी येते, निपाणीला, संकेश्वरला, खानापूरकडच्या एखाद्या वाडीवर. कपड्यांची बॅग येते, ओटीतला नारळ येतो, फाइल सासरच्या कपाटात राहते. ओपीडीत ती आमच्यासमोर पहिल्यांदा बसते तेव्हा तिसावा आठवडा लागलेला असतो आणि 'सगळं नॉर्मल हाय म्हणालेत' एवढंच तिला सांगता येतं. वार, म्हणजे गर्भपिशवीला चिकटून नाळेवाटे बाळाला पोसणारा अवयव, कुठे बसली आहे हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. सांगितलं असलंच तर 'नाळ खाली हाय' असं. कन्नड बोलणारी सिस्टर 'मासु' म्हणते, आम्ही वार म्हणतो, रिपोर्टात प्लासेंटा लिहिलेलं असतं आणि घरात या सगळ्यालाच नाळ म्हणतात. म्हणून तोंडी शब्दावर विसंबायचं नाही, कागद बघायचा. फाइल नसेल तर तिथल्या तिथे सासरी फोन लावायला सांगतो आणि रिपोर्टच्या प्रत्येक पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवतो. फक्त शेवटचं, निष्कर्षाचं पान चालत नाही. वारेची ओळ बहुतेक वेळा मधल्या पानावर असते.

शेवटच्या तीन महिन्यांत वारेपायी जे बिघडतं त्याचे ढोबळ पाच प्रकार आहेत. वार गर्भपिशवीच्या तोंडावर किंवा तोंडाला लागून असणं. आधीच्या सिझरच्या व्रणात वार रुतणं. वार कमी पडून बाळाचं वजन न भरणं. वारेतून सुरू होणारा गरोदरपणातला बीपी, म्हणजे प्री-एक्लॅम्प्सिया. आणि बाळ जन्मायच्या आधीच वार सुटणं. पहिले दोन नीट शोधले तर बहुतेक वेळा आधी कळतात. वजन आणि बीपी यांचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. वार सुटणं मात्र आधी कळत नाही, तिथे जोखीम ओळखून तयार राहणं एवढंच हातात असतं. सोनोग्राफी 'चांगली' आली म्हणून पाचही बाजूंनी निर्धास्त व्हायचं नसतं, हे घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवतो.

आधी तारीख पक्की करायची. आठवडे चुकले की पुढचा सगळा हिशेब चुकतो. पाळीची तारीख विचारली की उत्तर येतं, 'गणपती बसायच्या आधी चार दिवस' किंवा 'यल्लम्माला जाऊन आल्यावर'. ही उत्तरं टाकाऊ नाहीत. कॅलेंडर उघडून सणाची तारीख बघितली की दोन-तीन दिवसांच्या फरकानं पाळी सापडते. यल्लम्माची सवदत्तीची जत्रा मात्र एकाहून जास्त पौर्णिमांना भरते, म्हणून पौर्णिमा कुठली ते विचारून घ्यावं लागतं. महिन्यांचाही घोळ असतो. 'सातवा' म्हणजे सातवा लागला तर साधारण २६ आठवडे, संपला तर ३०. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी हातात असेल तर काम सोपं. नवव्या ते चौदाव्या आठवड्याच्या दरम्यान केलेल्या सोनोग्राफीत बाळाच्या लांबीवरून आलेली तारीख पाळीच्या तारखेपासून सात दिवसांहून जास्त लांब पडली, तर सोनोग्राफीची तारीख धरायची. शेवटच्या तिमाहीतल्या सोनोग्राफीवरून तारीख कधीच बदलायची नाही. बत्तिसाव्या आठवड्यात बाळ एकोणतिसाएवढं दिसलं की घरचे 'तारीख पुढं गेली' म्हणून निवांत होतात. तारीख जिथल्या तिथेच असते. मागे पडलेलं असतं ते बाळ, आणि वार कमी पडते आहे हे सांगणारी खूण अशा तऱ्हेनं पुसली जाते.

मग मागचा इतिहास, आणि तो बाईला एकटीला घेऊन विचारायचा. आधीची सिझर किती? दोन बाळंतपणांत अंतर किती? मधे 'पिशवी साफ' केली होती का? क्युरेटिंगची गोष्ट सासूसमोर निघत नाही, आणि नेमकी तीच इथे लागते. मागच्या वेळी वार अडकून हातानं काढावी लागली होती का, पिशवीतली गाठ काढली आहे का, हा गर्भ टेस्ट ट्यूब पद्धतीनं राहिला आहे का. गर्भपिशवीच्या आतल्या अस्तराला जिथे जिथे इजा झालेली असते तिथे वार वरवर चिकटायच्या ऐवजी खोल शिरू शकते, म्हणून हे सगळे प्रश्न. मागच्या खेपेला बीपी, झटके, वार सुटणं, पोटात बाळ जाणं यांतलं काही झालं असेल तर या खेपेची जोखीम तिथूनच मोजायला लागायची. आई किंवा सख्ख्या बहिणीला गरोदरपणात बीपी होता का, हेही.

निपाणी भागात आणखी एक प्रश्न सोडून चालत नाही, तो तंबाखूचा. विडी वळणाऱ्या, जर्द्याच्या वखारीत काम करणाऱ्या बायका 'मी तंबाखू खात नाही' म्हणतात आणि ते खरंही असतं, पण सकाळी मशेरी लावणं हे त्यांच्या लेखी तंबाखू खाणं नसतंच. म्हणून 'दात कशानं घासता, दिवसातून किती वेळा लावता' असं विचारायचं. निकोटिननं रक्तवाहिन्या आवळतात आणि वारेचा रक्तपुरवठा घटतो. मुंबईत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूर नसलेला तंबाखू वापरणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं होतं. मशेरी एका दिवसात सुटत नाही. दिवसातून चार वेळा लावणारीला आधी दोनवर आणतो, मग साध्या पावडरीवर. नुसतं रागावून ती कमी करत नाही, फक्त सांगायची बंद होते.

पहिली खरी संधी अकराव्या ते चौदाव्या आठवड्याची. माहेरी आल्यावर भेटणाऱ्या मुलीच्या बाबतीत ती गेलेली असते, पण इथेच राहणारीच्या बाबतीत ती साधता येते. बीपीचा अंदाज चार गोष्टींवर बांधतात: इतिहास, बीपीची सरासरी, गर्भपिशवीच्या धमनीचा डॉप्लर (रक्ताचा प्रवाह मोजणारी सोनोग्राफी) आणि जमल्यास पीएलजीएफ नावाची रक्ततपासणी. बीपी घ्यायची रीत साधी आहे, आणि तीच सगळ्यात जास्त चुकते. बस आणि रिक्षा करून आलेल्या बाईला पाच मिनिटं पाठ टेकून बसवायचं, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला, दोन्ही हातांवर दोनदा. दंड जाड असेल तर मोठा पट्टा, नाहीतर बीपी खोटा जास्त येतो. वरचा आणि खालचा आकडा यांतल्या फरकाचा तिसरा भाग खालच्या आकड्यात मिळवला की सरासरी मिळते. १३० वर ८५ असेल तर सरासरी १००. बाराव्या आठवड्यात हा आकडा जास्तच आहे, जरी १४० वर ९० ची रेघ ओलांडलेली नसली तरी.

डॉप्लरला सवयीचा हात लागतो. गर्भपिशवीच्या आतल्या तोंडाच्या पातळीला, तोंडाच्या बाजूनं वर चढणारी धमनी रंगात पकडायची, गेट, म्हणजे वेग मोजायची खिडकी, २ मिलिमीटर, कोन ३० अंशांच्या आत, आणि वेग सेकंदाला ६० सेंटिमीटरहून जास्त आला पाहिजे. वेग त्याहून कमी असेल तर बहुधा दुसरीच बारीक फांदी पकडली आहे आणि आकडा फसवा येणार. डावी-उजवीची सरासरी घ्यायची, एकाच बाजूवर बोलायचं नाही. तालुक्याच्या गावी हे सगळीकडे होत नाही. जिथे होत नाही तिथे इतिहासावरून ठरवतो: मागच्या खेपेचा बीपी, आधीपासूनचा बीपी, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, ल्युपस, जुळं यांतलं एक जरी असेल, किंवा पहिलटकरीण, वय ३५ च्या पुढे, जास्त वजन, दहा वर्षांहून जास्त अंतर, आई-बहिणीचा बीपी यांतली दोन असतील, तर ॲस्पिरिन.

ॲस्पिरिनबद्दल इथे दोन आकडे कानावर येतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या 'ॲस्प्रे' चाचणीत जोखमीच्या बायकांना रात्री १५० मिलिग्रॅम दिल्यावर ३७ आठवड्यांच्या आत होणारा प्री-एक्लॅम्प्सिया ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. आपल्याशी जास्त नातं असलेली चाचणी २०२० ची. तिच्यात सहा देशांतल्या ११,९७६ पहिलटकरणी होत्या आणि भारतातली केंद्रं होती बेळगाव आणि नागपूर. रोज ८१ मिलिग्रॅम दिल्यावर ३७ आठवड्यांआधीची बाळंतपणं १३.१ टक्क्यांवरून ११.६ वर आली. जोखीम स्पष्ट असेल तर आम्ही ७५ च्या दोन गोळ्या देतो, रात्री जेवणानंतर, बाराव्या आठवड्यापासून. सोळाव्याच्या आत सुरू व्हायला हवी, कारण वार पिशवीच्या धमन्यांत शिरून त्या रुंद करण्याचं काम तोवर मोठ्या प्रमाणात उरकते. विसाव्यानंतर सुरू केलेल्या गोळीचा लाभ फार थोडा. छत्तिसाव्या आठवड्यात बंद. गोळी सुटते ती बहुधा औषधाच्या दुकानात. 'ही तर हृदयाची गोळी, गरोदर बाईला कशाला' असं कुणीतरी म्हणतं आणि ती डब्यातच राहते. म्हणून चिठ्ठीवर गोळीच्या पुढे 'वारेसाठी, ३६ आठवड्यांपर्यंत' असं मराठीत लिहून देतो. आणि एक स्पष्ट सांगतो: दिवस भरत आल्यावर उद्भवणारा बीपी या गोळीनं फारसा टळत नाही. छत्तिसाव्यानंतर दर आठवड्याला बीपी तपासायचाच, बाळंतपणानंतरचे पहिले दहा दिवससुद्धा.

आता अठरा ते बावीस आठवड्यांची सोनोग्राफी, जिच्यावर वारेचं बरंचसं भवितव्य ठरतं. जाताना आधार कार्ड आणि डॉक्टरांची चिठ्ठी हवी. १९९४ च्या लिंगनिदानविरोधी कायद्यानं एफ फॉर्म भरल्याशिवाय तपासणी होत नाही, आणि तो भरायला माणसं आडवेढे घेत असतील तर ते केंद्र सोडून दुसरीकडे जावं.

रिपोर्टात वारेबद्दल चार गोष्टी हव्यात: वार पुढच्या भिंतीवर की मागच्या, तिची खालची कड आतल्या तोंडापासून किती मिलिमीटर, नाळ वारेच्या मध्यात लागली आहे की कडेला की बाळाभोवतीच्या पाण्याच्या पडद्यात, आणि तोंडावरून एखादी रक्तवाहिनी जाते आहे का. बऱ्याच रिपोर्टांत यांतली एकच असते, 'प्लासेंटा पोस्टीरियर, ग्रेड टू'. या 'ग्रेड'नं केवढी घबराट होते ते रोज दिसतं. ग्रेड हा शब्द दोन अर्थांनी लिहितात. एक वारेच्या पिकण्याचा, शून्य ते तीन. दुसरा, जुन्या पद्धतीत वार किती खाली आहे त्याचा, एक ते चार. छत्तिसाव्या आठवड्यात पिकण्याचा ग्रेड तीन असणं ही काळजीची गोष्ट नाही, पण 'वार ग्रेड थ्री झाली, सिझर करावं लागणार' म्हणत घरचं माणूस धावत येतं. उलट खाली असण्याचा ग्रेड साधा समजून सोडून दिला जातो. मिलिमीटर लिहिले की हा गोंधळच उरत नाही. वार आतल्या तोंडावर आली असेल तर प्रीव्हिया, तोंडापासून २० मिलिमीटरच्या आत असेल तर खालची वार, २० वा त्याहून जास्त असेल तर ठीक.

हे अंतर पोटावरून मोजलं तर फसतं. लघवी तुंबलेली असली की मूत्राशय पिशवीचा खालचा भाग दाबतो आणि वर असलेली वारही तोंडावर दिसते. त्याच वेळी पिशवी आकसलेली असेल तरी तसंच दिसतं. मागच्या भिंतीवरची वार बाळाच्या डोक्याच्या सावलीत जाते आणि दिसतच नाही. म्हणून जराही शंका असेल तर लघवी करून यायला सांगायचं, वीस मिनिटं थांबायचं आणि मग आतून सोनोग्राफी. इथे घरचे अडतात. 'आतून मशीन घातलं तर वारेला लागेल, लाल जाईल' ही भीती रास्त आहे, कारण बोटानं तपासणं खरोखरच धोक्याचं असतं. फरक समजावून द्यावा लागतो. प्रोब, म्हणजे मशीनची दांडी, तोंडाच्या आत जात नाही, त्याच्या अलीकडे दोन-एक सेंटिमीटरवर थांबतो, आणि बोट जिथे ढकललं जातं तिथे प्रोब पोचतच नाही. बाईमाणूस सोबत उभं राहिलं, चादर नीट घातली आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली की नकार क्वचित येतो.

विसाव्या आठवड्यात वार खाली दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही. अशा दहा जणींतल्या साधारण नऊ जणींची वार दिवस भरेपर्यंत वर सरकलेली दिसते. वार चालत नाही, पिशवीचा खालचा भाग ताणून लांब होतो आणि वार तोंडापासून दूर जाते. पण 'आपोआप वर जाते' हे वाक्य जितक्या सहज सांगितलं जातं तितक्याच सहज पुढची तपासणी राहून जाते. आम्ही कार्डावर लाल शाईनं दोन तारखा लिहितो, बत्तिसाव्या आणि छत्तिसाव्या आठवड्याची. बत्तिसाव्याला २० मिलिमीटरच्या पुढे गेली तर विषय मिटला. नसेल तर छत्तिसाव्याला पुन्हा. त्या वेळी १० मिलिमीटरच्या आत असेल तर सिझरची तयारी. ११ ते २० मध्ये असेल तर रक्ताची आणि ऑपरेशनची सोय हाताशी ठेवून नैसर्गिक बाळंतपणाचा विचार होऊ शकतो. वार वर गेली तरी एक पाहणी राहते: ती सरकताना मागे पडद्यावर एखादी उघडी रक्तवाहिनी तोंडावर राहिली का, वासा प्रीव्हिया. रंगीत डॉप्लर तोंडावर ठेवला की मिनिटभरात कळतं. ती चुकली आणि पाणी फुटलं तर रक्त आईचं जात नाही, बाळाचं जातं, आणि बाळाच्या अंगात मुळात रक्त असतं किती!

आधी सिझर झालेली असेल आणि वार पुढच्या भिंतीवर खाली असेल, तर हा सगळा निवांतपणा लागू होत नाही. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासातले आकडे आम्ही भिंतीवर लावून ठेवावेत इतके कामाचे आहेत. वार तोंडावर आणि आधी एक सिझर असेल तर वार रुतलेली असण्याची शक्यता ११ टक्के, दोन सिझर असतील तर ४०, तीन असतील तर ६१. अशा बाईची बत्तिसाव्या आठवड्यापर्यंत वाट बघायची नाही. अठ्ठाविसाव्याच्या आत मोठ्या ठिकाणी, अनुभवी डोळ्यांसमोर तपासणी. इथे रीत उलटी होते: आता मूत्राशय अर्धवट भरलेलं हवं, कारण पिशवी आणि मूत्राशय यांच्यामधली पांढरी रेघ अखंड आहे की तुटली आहे तेच बघायचं असतं. प्रोब हलका धरायचा. दाबला तर वारेमागची काळी पट्टी दबून नाहीशी होते आणि वार रुतल्याचा खोटा भास होतो. खऱ्या खुणा अशा: ती काळी पट्टी नाहीशी होणं, पिशवीची भिंत १ मिलिमीटरहून पातळ होणं, वारेत वेडीवाकडी, वाळवीनं खाल्ल्यासारखी पोकळ भोकं ज्यांत रक्त घुसळताना दिसतं, वारेचा फुगवटा मूत्राशयाकडे येणं, आणि वारेतून मूत्राशयाकडे पुलासारख्या जाणाऱ्या रक्तवाहिन्या. एकट्या खुणेवर निदान करायचं नाही. पण इतिहास आणि वारेची जागा दोन्ही जुळत असतील तर सोनोग्राफी स्वच्छ दिसली तरी तयारी रुतलेल्या वारेचीच ठेवायची.

ही तयारी म्हणजे काय ते घरच्यांना अठ्ठाविसाव्यातच सांगावं लागतं, कारण वेळ त्यांनाच लागतो. बाळंतपण तालुक्याला होणार नाही. ३४ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान, कळा किंवा रक्तस्राव सुरू व्हायच्या आधी, ठरवून सिझर होईल. वार ओढून काढणार नाहीत, बहुधा पिशवीच काढावी लागेल. दोन-तीन लिटर रक्त जाऊ शकतं. नवरा गोव्याला किंवा पुण्याला कामाला असेल तर त्यानं कधी यायचं, रक्तदाते कोण, हे नावानिशी लिहून घेतो. रक्तपेढीत बदली रक्त द्यायचं असतं, दात्याचा गट तिच्याशी जुळलाच पाहिजे असं नाही, हे सांगितलं की चार माणसं लगेच पुढे येतात, नाहीतर 'आमचा ग्रूप वेगळा' म्हणून सगळे थांबलेले असतात. पिशवी काढण्याची संमती ऑपरेशनच्या टेबलावर मागायची गोष्ट नव्हे. ज्या घरात मुलग्याची वाट बघितली जाते तिथे हे बोलणं जड जातं. तरी ते दोन-तीन बैठकांत, नवरा आणि तिची आई दोघांसमोर करायचं.

तिच्या अंगातलं रक्त आधीच वाढवून ठेवणं हा या सगळ्यातला सगळ्यात स्वस्त उपाय. वार खाली आहे आणि हिमोग्लोबिन ८ आहे ही जोडी आम्हाला सगळ्यात जास्त भिववते. तिसाव्या आठवड्यानंतर नुसत्या लोहाच्या लाल गोळ्यांची वाट बघत बसत नाही, लोह शिरेतून देतो. आयर्न सुक्रोज एका वेळी २०० मिलिग्रॅम, १०० मिलिलिटर सलाइनमधून, एक दिवसाआड, किंवा फेरिक कार्बोक्सिमाल्टोज एकदम १००० मिलिग्रॅम, पंधरा मिनिटांत. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेतलेली असते, म्हणूनही रक्त वाढत नाही. दोन्हींत दोन तासांचं अंतर सांगायचं. रक्तगट निगेटिव्ह असेल आणि एकदा जरी लाल गेलं, तर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन.

बाळाचं वजन आणि वारेची ताकद यांचा माग टेपनं काढायचा. चोविसाव्या ते छत्तिसाव्या आठवड्यात पोटाची उंची सेंटिमीटरमध्ये साधारण आठवड्यांएवढी असते. लघवी केल्यावर, आकडे खालच्या बाजूला ठेवून, वरून खाली मोजायचं, म्हणजे आकडा बघून हात आपोआप सोयीचं माप काढत नाही. तीन सेंटिमीटर कमी आलं, किंवा दोन भेटींत उंची हललीच नाही, तर सोनोग्राफी आणि डॉप्लर. नाळेतल्या धमनीचा प्रवाह मोकळ्या वळशात, बाळ शांत असताना घेतात. हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधेही रक्त वारेकडे पुढे जात राहिलं पाहिजे. ते थांबलं तर वारेतल्या बारीक रक्तवाहिन्या मोठ्या प्रमाणात बंद पडल्या आहेत, आणि उलटं फिरलं तर दिवस नाही, तास मोजायचे. ३२ आठवड्यांनंतर उशिरा मागे पडणाऱ्या बाळात मात्र नाळेचा डॉप्लर चांगला असतो आणि तेवढ्यावर 'डॉप्लर नॉर्मल' लिहून पाठवलं जातं. तिथे मेंदूतल्या धमनीचाही बघावा लागतो. तिचा पीआय (प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचा आकडा) भागिले नाळेचा पीआय एकच्या खाली गेला तर बाळ रक्त मेंदूकडे वळवून तगून आहे. रिपोर्टात फक्त नाळेचा आकडा असेल तर आम्ही तो परत पाठवतो.

घरी करायचं काम बाळाची हालचाल मोजण्याचं. जेवल्यावर डाव्या कुशीवर निजून दोन तासांत दहा हालचाली. मोजून कमी भरल्या तर त्याच दिवशी यायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी नाही. डोकं दुखणं, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली उजव्या बाजूला दुखणं, तोंडावर एकाएकी सूज, ही बीपीची लक्षणं. पोटाचं दुखणं 'पित्त' समजून घरी सोडा-लिंबू देण्यात वेळ जातो. १६० वर ११० असेल, किंवा झटका आला, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातच मॅग्नेशियम सल्फेट ५ ग्रॅम प्रत्येक कुल्ल्यात, म्हणजे ५० टक्क्यांच्या २ मिलिलिटरच्या एकूण दहा कुप्या, एकेका बाजूला पाच, देऊन मगच गाडीत घालायचं. बीपी संशयास्पद पण ठाम नसेल तेव्हा मोठ्या प्रयोगशाळेत एसएफएलटी-वन आणि पीएलजीएफ या वारेतून रक्तात येणाऱ्या दोन प्रथिनांचं गुणोत्तर काढता येतं. ३८ किंवा त्याहून कमी आलं तर पुढचा एक आठवडा प्री-एक्लॅम्प्सिया होण्याची शक्यता अगदी थोडी. या तपासणीचा उपयोग बाईला घरी सोडायचं की नाही हे ठरवायला होतो, सरसकट सगळ्यांची करून पैसे घालवण्यात अर्थ नाही.

वार सुटण्यापुढे मशीन फार मदत करत नाही. ताजं साकळलेलं रक्त आणि वार सोनोग्राफीत सारखीच दिसतात. पोट दगडासारखं, मधे सैलच पडत नाही, दुखतंय, बाळ हलत नाही, एवढं असलं की सोनोग्राफी चांगली आली तरी वार सुटली आहे असंच धरायचं. बाहेर लाल थोडंच दिसतं, बरंचसं आत साठतं. 'दुखत काय न्हाई, नुसतं लाल जातंय' हे वाक्य बहुधा खालच्या वारेचं, आणि तिथे वार कुठे आहे ते कळेपर्यंत आतून बोटानं तपासायचं नाही, म्हणजे नाही. मोटारसायकलवरून पडलेली, पोटावर मार बसलेली बाई बरी दिसली तरी किमान चार तास बाळाचे ठोके लावून बसवायची. रक्त गोठतंय का ते बघायला प्रयोगशाळा लागत नाही: २ मिलिलिटर रक्त कोरड्या साध्या काचेच्या नळीत, मुठीत धरून ऊब द्यायची, चार मिनिटांनी हळूच तिरकी करायची, मग दर मिनिटाला. सात मिनिटांत घट्ट गाठ धरली नाही तर गोठण्याची ताकद संपत आली आहे. हे तालुक्यातच कळलं तर पुढच्या दवाखान्याला फोनवर नेमकं काय तयार ठेवायचं ते सांगता येतं.

आणि पावसाळा. दिवस भरायची तारीख जुलै-ऑगस्टमध्ये येत असेल तर वारेचा निर्णय नदी बघून घ्यावा लागतो. कल्लोळ-येडूरचा बंधारा पाण्याखाली गेला की चिकोडीकडचा रस्ता लांबतो. २०१९ च्या महापुरात गावंच्या गावं तुटली होती. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात नदीला पूर नसला तरी जंगलातल्या वाड्यांपर्यंत गाडी जात नाही. अथणी, कागवाडहून मिरज जवळ आणि बेळगाव दूर. १०८ ची गाडी कुठवर नेईल हे आधी विचारून ठेवायचं आणि सीमेपलीकडे जायचं असेल तर गावातल्या दोन खासगी गाड्यांचे नंबर कार्डाच्या मागे लिहायचे. खालची वार असलेल्या बाईला चौतिसाव्यानंतर दवाखान्यापासून अर्ध्या तासाच्या आत राहायला सांगतो, नात्यात कुणाकडे तरी. एकदा जरी लाल गेलं असेल आणि चौतीस आठवडे भरायचे असतील तर बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, बारा तासांनी एक, अशी चार इंजेक्शनं. मधे गाव बदललं तर किती झाली ते चिठ्ठीवर वेळेसकट. थायी कार्ड, म्हणजे कर्नाटकातलं गरोदर बाईचं कार्ड, कन्नडमध्ये असतं, महाराष्ट्रातलं मराठीत. पलीकडच्या डॉक्टरांना दोन्हींतला आरसीएच क्रमांक (गरोदर बाईच्या सरकारी नोंदणीचा) आणि आमची एक ओळ पुरते: 'आधी १ सिझर, वार पुढे, तोंडावर, रक्तगट, हिमोग्लोबिन, शेवटची सोनोग्राफी कधी'. ऊसतोडीच्या टोळीतल्या बीडकडच्या बाईजवळ एवढी एक ओळ असली तरी रात्रीच्या ड्युटीवरच्या माणसाचा हात बोटानं तपासायला पुढे जात नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी फुकट होते. राहिलेली सोनोग्राफी मागायची ती त्या दिवशी.

बाळ झाल्यावर वार टबमध्ये टाकून मोकळं व्हायचं नाही. ताटात पसरून वजन करायचं, साधारण अर्धा किलो, बाळाच्या वजनाच्या सहाव्या हिश्शाच्या आसपास भरते. सगळे तुकडे जुळतात का, मागच्या बाजूला काळी गाठ रुतून खड्डा पडला आहे का, पडद्याच्या कडेला तुटलेली रक्तवाहिनी आहे का ते बघायचं. तशी वाहिनी असली तर वारेचा एक तुकडा आत राहिला असण्याची शक्यता असते. नाळ कुठे लागली होती तेही. मग डिस्चार्ज कार्डावर लिहायचं: वार कुठे होती, हातानं काढावी लागली का, पिशवीवरचा छेद आडवा की उभा, किती रक्त गेलं, ॲस्पिरिन चालू होती का. कार्डाचा फोटो तिच्या मोबाइलमध्ये, तिच्या आईच्या आणि सासरी एकाच्या, अशा तिघांकडे पाठवून, पोचला का ते विचारून मग घरी सोडतो.